सरळ क्यू घडवताना काय काय चुकतं

पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचा क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, बनवायला घेताना वाटतं की कस लागणार तो नक्षीत, जडावाच्या कामात आणि पॉलिशमध्ये. प्रत्यक्षात सगळी दमछाक होते ती काठी सरळ ठेवण्यात. दोन तुकडे आट्यांनी जोडायचे, क्यू सपाट टेबलावर ठेवून घरंगळवायचा आणि टिपेच्या, म्हणजे टोकावरच्या चामड्याच्या गोल तुकड्याच्या, खालच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघायचं. उजेड कमी-जास्त न होता एकसारखा राहिला, तर काम जमलं. मी केलेल्या जवळजवळ प्रत्येक चुकीचा माग काढत गेलो तेव्हा तो याच फटीपाशी येऊन थांबला.

आधी मापं. क्यू साधारण ५८ इंची, म्हणजे २९ इंचांचा शाफ्ट (टिपेकडचा बारीक अर्धा भाग) आणि तेवढाच बट (हातात धरायचा जाड अर्धा भाग). टिपेपाशी शाफ्टची जाडी १२.७५ ते १३ मिमी, जॉइंटपाशी, म्हणजे दोन्ही भाग जुळतात तिथे, सुमारे २१.४ मिमी. बट तिथून सुरू होऊन शेवटाला ३१-३२ मिमी होतो. वजन १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम; त्यात शाफ्टचा वाटा १०० ते १२० ग्रॅम. आंतरराष्ट्रीय नियमांत लांबी किमान ४० इंच, वजन जास्तीत जास्त २५ औंस आणि टिपेची रुंदी जास्तीत जास्त १४ मिमी अशी मापांची मुख्य बंधनं आहेत. म्हणजे मोकळीक भरपूर आहे. पण पहिल्या क्यूला ही मोकळीक घेऊ नये. रुळलेली मापंच धरावीत, म्हणजे काही बिघडलं तर दोष मापाचा की कामाचा असा घोळ होत नाही.

शाफ्टसाठी हार्ड मेपल. २५ मिमी जाडीचे, ३० इंच लांबीचे गोल दांडे घेतले की आधी दोन गोष्टी बघायच्या. एक, टोकाच्या छेदावरची वर्तुळं जवळजवळ आणि एकसारख्या अंतराची आहेत का. दुसरी जास्त महत्त्वाची: बाजूने दिसणाऱ्या तंतूंच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात, की मध्येच कडेने बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्या रेषेचा दांडा आज कितीही सरळ असला तरी कापल्यावर तिथेच वाकतो, आणि पुढे टिपेजवळ तुटतो तोही तिथेच. वर्तुळं मोजत बसून रेषांकडे दुर्लक्ष केलं की दिसायला देखणे दांडे घरी येतात आणि त्यातले निम्मे फुकट जातात. पांढरा शुभ्र रंग हीसुद्धा फसवी कसोटी. तपकिरी रेघ असलेला पण सरळ तंतूंचा दांडा मी केव्हाही आधी उचलेन.

दांडा लेथवर (लाकूड फिरवत कापायच्या यंत्रावर) लावून एका दमात निमुळता केला तर तो वाकतोच. लाकडाच्या आत ओढ असते. वरचा थर काढला की राहिलेल्या भागातला तोल बिघडतो आणि काठी नव्या आकारात बसते. शिवाय आतली ओल बाहेरच्यापेक्षा वेगळी असते. त्यामुळे काप टप्प्याटप्प्याने घ्यायचे. पहिल्या फेरीत अंतिम मापापेक्षा ४-५ मिमी जाड ठेवून उतार काढायचा. नंतरच्या प्रत्येक फेरीत जाडीतून साधारण १ मिमी कमी करायचा आणि दोन फेऱ्यांत तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे. शेवटच्या दोन फेऱ्या ०.३ ते ०.४ मिमीच्या. सगळं मिळून सहा-आठ महिने सहज जातात. मधल्या काळात दांडे उभे टांगून ठेवायचे. भिंतीला तिरके टेकवून ठेवले तर स्वतःच्या वजनाने बाक धरतात, आणि तो बाक मग लाकडाचा आहे की ठेवण्याचा हे कळत नाही.

आठवड्यांचा हिशेब कॅलेंडरवर सोडण्यापेक्षा वजनकाट्यावर सोडलेला बरा. २५ मिमीचा दांडा साधारण २६० ग्रॅम भरतो. ओल एक टक्का बदलली की अडीच ग्रॅमचा फरक पडतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तो स्पष्ट दिसतो. दर आठवड्याला वजन करून दांड्यावरच पेन्सिलीने लिहायचं. दोन वजनं सारखी आली की पुढचा काप. ही सवय लागल्यापासून वाया जाणारे दांडे निम्म्याहून कमी झाले. ओलीचं प्रमाण सहा ते आठ टक्के असलं म्हणजे काम सुरू करायला हरकत नाही.

मधल्या फेरीत दांडा वाकलेला निघाला तर? लेथवर धरून पुन्हा काप घेतला की तो सरळ दिसतो, आणि हाच सगळ्यात मोठा मोह असतो. मूळचा बाक एखाद्या मिलिमीटरचा असेल तर चालतं. त्याहून जास्त असेल तर आकार सरळ होतो पण तंतू तिरके राहतात, आणि पुढच्या पावसाळी हवेत काठी पुन्हा तिकडेच झुकते. असा दांडा आखूड कापून हँडलच्या आतल्या गाभ्यासाठी ठेवायचा.

आता प्रत्यक्ष काप. शाफ्ट लेथच्या साध्या टूलने कापता येत नाही. इतकी बारीक आणि लांब काठी टूलच्या दाबाने पळून जाते. लाकूड सावकाश फिरतं आणि राउटरवर (वेगाने फिरणाऱ्या मोटरवर) बसवलेलं कटर मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे घेत उताराच्या पट्टीवरून सरकतं, अशी मांडणी लागते. तरीही मधला भाग थरथरतो. थरथर झाली की लाकडावर मळसूत्रासारख्या बारीक लाटा उमटतात. पॉलिश पेपरने त्या डोळ्यांना दिसेनाशा होतात, पण डाव्या हाताच्या बोटांतून काठी सरकते तेव्हा त्या कळतात. यावर उपाय एकच: काप उथळ, सरकण्याचा वेग कमी आणि कटरला धार.

थरथर थांबावी म्हणून टेलस्टॉक (काठीच्या टोकाला आधार देणारा लेथचा भाग) घट्ट आवळायचा, ही चूक माझ्याकडून बराच काळ झाली. टोकाकडून दाब आला की बारीक काठी धनुष्यासारखी किंचित फुगते. त्या फुगलेल्या अवस्थेत कटर ती अगदी सरळ कापतं. टेलस्टॉक सैल केला की दाब जातो, काठी मूळ जागी येते आणि कापलेला पृष्ठभाग उलट्या बाजूला वाकडा निघतो. लेथवर असताना डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं साधन) शून्य दाखवतं, खाली उतरवली की काठी डोलते. त्यामुळे दोष लाकडाला दिला जातो. तपासायची पद्धत सोपी आहे. डायल शाफ्टच्या मध्यावर टेकवायचा आणि टेलस्टॉक हळूहळू आवळायचा. काटा हलू लागला की तिथून थोडं मागे यायचं. तेवढाच दाब पुरे. काप घेताना काठी गरम होऊन लांबते, दाब आपोआप वाढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पुन्हा बघायचं.

शेवटी पॉलिश पेपर ३२० पासून सुरू करून ४००, ६०० आणि पुढे १०००-२००० पर्यंत. मध्ये एकदा ओलसर फडक्याने शाफ्ट पुसायचा, सुकू द्यायचा. बारीक लव उभी राहते, ती ६०० ने काढायची. हे न करता वर सीलर लावला तर घामाच्या हातात पहिल्याच दिवशी तीच लव वर येते. सीलर पातळ असावा, नावापुरता. शाफ्टवर बटसारखं जाड चकचकीत पॉलिश दिलं की तो बोटांना चिकटतो.

जॉइंट हे दुसरं नाजूक ठिकाण, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं. पिन (आटे पाडलेली धातूची सळई) बटमध्ये पक्की बसते, आटे शाफ्टमध्ये असतात. ३/८ इंच जाडीची, इंचाला दहा आटे असलेली पिन थेट मेपलमधल्या आट्यांत बसते; आटे रुंद असल्यामुळे लाकूड त्यांना धरून ठेवतं. ५/१६ इंच जाडीची, इंचाला चौदा किंवा अठरा आट्यांची पिन घ्यायची असेल तर शाफ्टमध्ये पितळेचा इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) लागतो. स्टीलच्या कॉलरचा (कड्याचा), ५/१६-१४ पिनचा आणि शाफ्टचं टोक कॉलरमध्ये शिरणारा जॉइंट जॉर्ज बालाबुश्का यांच्या क्यूंमुळे नावाजला. त्यांनी १९५९ मध्ये क्यू बनवायला सुरुवात केली, आणि आजही तीच बांधणी मागणारे खेळाडू आहेत. तो जॉइंट सुंदर आहे, पण शिकताना सपाट तोंडाचा, लाकडावर लाकूड बसणारा ३/८-१० घ्यावा. कमी भाग, कमी जागा चुकायला.

भोक थेट ड्रिलने पाडलं की ते तंतूंच्या मागे भरकटतं. आधी सेंटर ड्रिल, मग लहान मापाचं ड्रिल, मग बोरिंग बारने भोक मापाला आणायचं. बोरिंग बार तंतूंचं ऐकत नाही, तो लेथच्या अक्षावरच चालतो. टॅप (आटे पाडायचं हत्यार) टेलस्टॉकच्या आधाराने सरळ घालायचा. लाकडात पाडलेल्या आट्यांवर पातळ, झटपट सुकणारा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट सोडून सुकू द्यायचं आणि टॅप पुन्हा एकदा फिरवायचा. आट्यांच्या कडा कठीण होतात आणि भुगा पडायचा थांबतो.

भोक, आटे आणि तोंड, तिन्ही कामं काठी एकदाच धरून व्हायला हवीत. आटे पाडून काठी सोडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरून तोंड सपाट केलं की ते अक्षाशी काटकोनात राहत नाही. किती फरक पडतो ते बघा. २१ मिमीच्या तोंडावर एका बाजूला ०.०२ मिमी जास्त राहिलं, तर २९ इंच दूर टिपेपाशी ते सुमारे ०.७ मिमी होतं, आणि क्यू घरंगळवला की टिप त्याच्या दुप्पट, जवळजवळ दीड मिलिमीटर वर-खाली होते. शंभरातले दोन भाग म्हणजे पातळ कागदाच्या जाडीपेक्षाही कमी! तोंड तपासायला शाफ्टच्या तोंडावर मऊ पेन्सिल घासायची, दोन्ही भाग जोडून घट्ट करायचे, सोडायचे. बटच्या तोंडावर शिशाचं पूर्ण वर्तुळ उमटलं तर ठीक. अर्धचंद्र उमटला तर तोंड पुन्हा सपाट करायचं. तोंड मध्यापाशी अगदी किंचित खोलगट ठेवलं की कडेचं वर्तुळ नीट टेकतं.

धरताना काठीवर थेट चकचे (लेथच्या पकडीचे) जबडे आवळू नयेत. लाकडावर खुणा पडतात हे दिसतं. काठी एका बाजूला दबून अक्ष सरकतो हे दिसत नाही. डेलरिनच्या (कडक प्लास्टिकच्या) चिरलेल्या बांगड्या काठीच्या मापाच्या करून ठेवाव्यात आणि जबडे त्यांवर आवळावेत.

पिन बसवताना इपॉक्सीचा एक धडा. बंद भोकात गोंद भरून पिन फिरवली की आतली हवा आणि गोंद यांना वाट राहत नाही. पिन तळाला टेकली असं वाटतं, पण रात्रभरात आतल्या दाबाने ती अर्धा मिलिमीटर वर सरकते किंवा कलते. पिनच्या लांबीला एक बारीक खाच कापली की जादा गोंद वर येतो. गोंद ओला असतानाच पिनच्या टोकाला डायल लावून ती मध्यावर आणायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही.

बटचे तीन भाग: पुढचा फोरआर्म, मधलं हँडल, मागची स्लीव्ह. फोरआर्म आणि हँडल यांच्यामधला सांधा बाहेरून कधीच दिसत नाही. पण क्यू फटका मारताना झणझणतो तेव्हा बहुतेक वेळा कारण तिथे असतं. सांध्यात एकाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात, शिवाय मधून आट्यांचा रॉड आणि सगळीकडे हळू सुकणारं इपॉक्सी, अशी बांधणी करायची. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद वापरला तर फट भरलेली दिसते, पण आत नुसता फेस असतो.

झणझणाट शोधण्याचा क्रम असा ठेवावा. आधी शाफ्ट बदलून बघायचा. आवाज गेला तर दोष फेरूलमध्ये (टिपेखालच्या टोपणात) किंवा शाफ्टच्या आट्यांत. राहिला तर मागचा वजनाचा बोल्ट काढून फटका मारायचा. पुष्कळदा तोच सैल असतो. तरीही राहिला तर बट मधोमध हलका धरून बोटांच्या पेरांनी इंच-इंच पुढे सरकत ठोकायचा. भरीव लाकडाचा आवाज एका जागी बसका होतो, तिथे आत पोकळी आहे. पोकळी सांध्यात सापडली तर तो बट कापून उघडण्याशिवाय मार्ग नाही. बाहेरून भोक पाडून गोंद सोडण्याचे उपाय टिकत नाहीत. दोन आठवड्यांनी आवाज परत येतो.

फोरआर्मला आबनूस किंवा कोकोबोलोसारखं जड लाकूड घेतलं की वजन पुढे सरकतं. त्यात मधून १६ मिमीचं भोक पाडून मेपलचा गाभा घातला तर आबनूसच्या १२ इंची तुकड्यात सुमारे १५ ग्रॅम वाचतात, आणि नक्षीदार, वेड्यावाकड्या तंतूंचं लाकूड सरळ राहतं ते वेगळंच. गाभ्याला लांबीभर दोन खाचा हव्याच. त्या नसतील तर घट्ट गाभा ढकलताना गोंदाच्या दाबाने फोरआर्म तडकतो. कोकोबोलो तेलकट असतो. जोडण्याच्या आधी ताज्या कापलेल्या पृष्ठभागावरून अ‍ॅसिटोन फिरवून लगेच गोंद लावायचा. त्याच्या भुकटीने कातडीला आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून साध्या फडक्यावर भागत नाही, फिल्टरचा मास्क लागतो. कोकोबोलो आणि इतर शिसवी जातीचे वृक्ष, म्हणजे सगळा डाल्बर्जिया वंश, २०१७ च्या सुरुवातीपासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. देशाबाहेर क्यू पाठवायचा असेल तर लाकडाचे कागद आधीपासून जपून ठेवावेत.

फोरआर्मवरचे टोकदार पॉइंट ही बघणाऱ्याची पहिली नजर जाते ती जागा. चार बाजूंना इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा कापायच्या, त्यात दुसऱ्या लाकडाच्या पट्ट्या, हव्या तर रंगीत व्हिनिअरच्या थरांसकट, चिकटवायच्या आणि मग बाहेरून उतार काढायचा. चारही टोकं एका रेषेत येणं हे मात्र कठीण. समजा खाच ३०० मिमी लांब आहे आणि त्या लांबीत ती शून्यापासून १० मिमी खोल जाते. म्हणजे उतार तीसास एक. लाकूड अक्षापासून ०.१ मिमी सरकलं की एका बाजूचा पॉइंट ३ मिमी आखूड होतो, समोरचा ३ मिमी लांबतो. दोघांत ६ मिमीचा फरक. म्हणून खाचा कापल्यापासून शेवटच्या कापापर्यंत लेथवर धरण्यासाठी दोन्ही टोकांना पाडलेली सेंटरची भोकं तीच राहिली पाहिजेत. ती बुजली, झिजली, नव्याने पाडली की पॉइंट गेलेच. पट्ट्या चिकटवताना एकाच बाजूने क्लॅम्प आवळला तर फोरआर्म वाकतो. चारही पट्ट्या बसवून दोरी गोल घट्ट गुंडाळणं हा जुना उपाय अजूनही सगळ्यात चांगला. आणि बाहेरचा काप जितका खोल जाईल तितकी टोकं मागे सरकतात, हे धरून सुरुवातीला ती थोडी लांबच ठेवायची.

हँडलवर लिननचा दोरा किंवा चामडं. दोऱ्याची खाच अशी हवी की दाबून गुळगुळीत केल्यावर दोरा लाकडाच्या पातळीत येईल. आधी तुकड्यावर गुंडाळून, दाबून माप घ्यायचं. बटच्या पॉलिशला गाड्यांचा दोन भागांचा क्लिअर कोट चांगला टिकतो. तेलकट लाकडावर आधी इपॉक्सीचा पातळ थर दिला नाही तर बुडबुडे येतात.

मागच्या बोल्टने वजन जुळवताना तोलही सरकतो हे लक्षात ठेवावं. तोलाचा बिंदू मागच्या टोकापासून १८-१९ इंचांवर असतो. ५७० ग्रॅमच्या क्यूला मागे १० ग्रॅमचा बोल्ट लावला की तो सुमारे ८ मिमी मागे येतो. हातात हे लगेच जाणवतं. त्यामुळे वजन बोल्टने भरण्यापेक्षा लाकडं निवडतानाच प्रत्येक तुकडा तोलून घ्यावा.

आता फेरूल. शाफ्टच्या टोकाला ८ मिमीचं कुसू काढून त्यावर ते बसतं. कुशाच्या मुळाशी खांदा अगदी काटकोनात हवा. तिथे किंचित गोलाई राहिली की फेरूल पूर्ण टेकत नाही, बारीक रेघ दिसते आणि फटक्याला टक्कन आवाज येतो. आट्यांचं फेरूल जोर लावून घट्ट फिरवलं तर गोंदाला जागा उरत नाही आणि ते आठवडाभरात उभं तडकतं. हाताने सहज फिरावं, तळाला टेकावं, बस. लांबी मोठी घेतली तर टोकाचं वजन वाढतं, आणि बाजूला मारलेल्या फटक्यात पांढरा चेंडू रेषेपासून जास्त सरकतो. २५ मिमीऐवजी १२-१३ मिमीचं हलकं फेरूल घेतलं की हा फरक टेबलावर दिसतो.

टिप १४ मिमीची घ्यायची आणि फेरूलच्या मापाला आणायची. टिपेची खालची बाजू आणि फेरूलचं तोंड दोन्ही सपाट घासून, जेल सायनोअ‍ॅक्रिलेटचा एक थेंब, मिनिटभर दाब. मग शाफ्ट उलटा, टिप फळीवर टेकवून, धारदार पात्याने फेरूलच्या कडेने खाली कापत जायचं. बोथट पातं थरांच्या टिपेचे पदर उकलतं. गोलाई साधारण ९ ते १०.५ मिमी त्रिज्येची. कडा ओलसर करून चामड्याच्या तुकड्याने लेथवर घासल्या की कठीण होतात आणि छत्रीसारख्या फुगत नाहीत. नवी टिप पहिल्या काही तासांच्या खेळात दबते, तेव्हा कडा पुन्हा एकदा फेरूलच्या बरोबरीने कापाव्या लागतात.

टिप बसली की क्यू पुन्हा टेबलावर घरंगळवायचा: आधी नुसता शाफ्ट, मग नुसता बट, मग जोडून. दोन्ही वेगवेगळे सरळ आणि जोडून वाकडे, तर जॉइंटचं तोंड. शाफ्टच डोलला तर लाकूड किंवा टेलस्टॉक. तारीख आणि किती डोलतो ते वहीत लिहायचं, क्यू उभा टांगायचा आणि महिन्याने हीच तपासणी पुन्हा करायची. त्यानंतरच तो खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा.